हिरवें रक्त

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस धुळें जिल्ह्यांतील, पांझरेच्या कांठच्या एका खेड्याच्या मंडळीचे उपदेशक आम्हांस भेटावयास आले होते. त्यांच्या मंडळींत एक वाद उत्पन्न झाला होता व त्याविषयीं या पत्रांत कांहीं लिहावें अशी त्यांची इच्छा होती. वाद असा. मंडळींतील एक वयोवृद्ध वडील रविवारची उपासना आटोपून घरीं जात असतां पारावर चार मुलगे मोबाइलमध्यें डोकीं घालून बसलेले त्यांनीं पाहिले. त्यांतील दोघे आपल्याच मंडळींतले. इतक्यांत एकजण आनंदानें ओरडला, "मरी गया! मरी गया!" वडील दचकून थांबले व कोण मेलें म्हणून विचारूं लागले. मुलगे हंसले. पुढच्या पंचांच्या बैठकींत वडिलांनीं असें मांडिलें कीं, बंदुकीनें माणसें मारण्याचा खेळ जे खेळतात ते सहावी आज्ञा मोडतात. म्हणून तो खेळ सोडीपर्यंत त्या दोघांस प्रभुभोजनास बसूं देऊं नये. मुलग्यांस बोलावून विचारिलें तेव्हां त्यांतील थोरला, वय वर्षें सोळा, म्हणाला, "आजोबा, मेलेल्याचें मढें दाखवा, मग शिक्षा करा."

उत्तर उद्धट होतें यांत संशय नाहीं. परंतु तें चुकीचें होतें काय, हें वडिलांस सांगतां येईना आणि उपदेशकांसहि येईना. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आम्हांसहि आलें नाहीं. ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें ती निदान एकवार डोळ्यांनीं पाहावी, म्हणून आम्ही त्या गांवीं गेलों व दोन संध्याकाळ त्या थोरल्या मुलाजवळ त्याच्या घराच्या ओट्यावर बसलों.

खेळ असा आहे. शंभर खेळाडू एका विमानांतून एका ओसाड बेटावर छत्रीनें उतरतात. उतरतांना हातीं कांहीं नसतें. बेटावर घरें आहेत, पण तीं रिकामीं; त्यांत बंदुका, गोळ्या, औषधें पडलेलीं असतात व ज्याला जें सांपडेल तें त्यानें उचलावें. बेटाभोंवतीं एक वर्तुळ असतें, तें थोड्या थोड्या वेळानें आक्रसत जातें आणि जो बाहेर राहील तो हळूहळू मरतो. त्यामुळें लपून बसणाऱ्यासहि पुढें सरकावें लागतें. शेवटीं जो एक उरतो, किंवा चौघांची तुकडी करून खेळत असल्यास जी तुकडी उरते, तिचा विजय. एक डाव सुमारें अर्ध्या तासाचा. तुकडींतील चौघे चार गांवीं असले तरी कानाला लावलेल्या यंत्रांतून एकमेकांशीं बोलूं शकतात. मुलानें हें सारें आम्हांस मोठ्या धीरानें समजावून सांगितलें. आम्ही एकच प्रश्न तीनदां विचारिला तरी तो रागावला नाहीं. इतक्या धीरानें आपण त्याला शास्त्र शिकविलें होतें काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

या खेळाचें मूळहि वाचकांनीं जाणून घेण्यासारखें आहे. १९९९ सालीं कौशुन ताकामी या जपानी लेखकाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षीं तिजवर चित्रपट निघाला. तींत एका शाळेच्या वर्गांतील मुलांस राज्यकर्ते एका बेटावर नेऊन सोडतात आणि एकच उरेपर्यंत एकमेकांस मारावयास लावितात. ही कथा भयाची आहे. राज्यसत्ता मुलांचें काय करूं शकते हें दाखविणारी आहे. पुढें ब्रेंडन ग्रीन नांवाच्या आयरिश गृहस्थानें त्याच कल्पनेवरून खेळ रचिला. तो २०१७ सालीं संगणकावर व २०१८ सालीं मोबाइलवर आला. आपल्या मुलांच्या तोंडीं असलेला 'पबजी' हा शब्द त्याचाच. जें कादंबरींत शिक्षा म्हणून सांगितलें तें खेळांत बक्षीस म्हणून मांडिलें गेलें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. खेळांत मारणें हें मारणें आहे काय?

आमच्या मतें नाहीं. बुद्धिबळाचा पट घ्या. जळगांव शहरांत या खेळाच्या स्पर्धा भरतात व लहान लहान मुलें तासन् तास डोकीं धरून बसतात. त्या पटावर हत्ती, घोडे, उंट व प्यादीं आहेत; तें उघड उघड सैन्यच आहे; प्यादें मारिलें, वजीर मारिला, असेंच आपण म्हणतों. बुद्धिबळ खेळणाऱ्यास खुनी म्हटल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडितात, तेव्हां तेथें लढाईच मांडिलेली असते. आणि आपल्याच शब्बाथ शाळेंत नाताळाच्या सुमारास दावीद व गल्याथ यांचा प्रवेश करितात त्याचें काय? एका मुलाला गोफण घ्यावी लागते, दुसऱ्याला पडावें लागतें. पडणारा जितका चांगला पडेल तितकी मंडळी आनंदानें टाळ्या वाजविते. तक्रार करणारे वडील तरुणपणीं स्वतः गल्याथ झाले होते असें आम्हांस उपदेशकांकडून कळलें. ते उंच होते. जखऱ्या संदेष्ट्यानें यरुशलेमेच्या भावी सुखाचें चित्र काढिलें तेव्हां त्यांत रस्त्यांवर खेळणारे मुलगे व मुली घातल्या आहेत. ते काय खेळत होते तें त्यानें सांगितलें नाहीं. मुलग्यांच्या हातीं काठीची तलवार नसेलच असें धरून चालण्याचें कारण नाहीं.

तरीपण शास्त्रांत दुसरीहि एक गोष्ट आहे, आणि ती वडिलांच्या बाजूची आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत गिबोनाच्या तळ्याच्या दोन बाजूंस अबनेर व यवाब हे दोन सेनापति आपापलीं माणसें घेऊन बसल्याचें वर्णन आहे. अबनेरानें सुचविलें कीं तरुणांनीं उठून आपल्यापुढें खेळ करावा. यवाबानें मान्य केलें. इकडचे बारा व तिकडचे बारा उठले. प्रत्येकानें समोरच्याचें डोकें धरिलें व त्याच्या कुशींत तलवार खुपसली. आणि चोवीसहि जण एकत्र पडले. त्यावरून पुढें मोठी लढाई झाली, यवाबाचा भाऊ असाएल मेला, आणि दिवस मावळेपर्यंत अबनेराच्या बाजूचे तीनशें साठ लोक पडले. हा अध्याय आपण फारसा वाचीत नाहीं. त्यांत खेळ हा शब्द आहे आणि मढींहि आहेत. परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. खेळ सुचविणारे दोघे तळ्याच्या कांठीं बसून पाहत होते. तरुणांच्या हातांतील तलवारी खऱ्या होत्या, आणि त्या खऱ्या आहेत हें त्या दोघांस ठाऊक होतें.

येथें आम्हांस वाट दिसूं लागली. कोणत्याहि खेळांत कांहीं वस्तु खोट्या असतात व कांहीं खऱ्या. खोट्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. खरें काय आहे तें मात्र शोधून पाहिलें पाहिजे, कारण मनुष्य तेथेंच आपल्या शेजाऱ्याला भेटतो. एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं खेळण्यांतील शिपायांनीं लढण्याच्या खेळावर एक पुस्तक लिहिलें व त्यांत अशी बाजू मांडिली कीं, खऱ्या युद्धापेक्षां हें चिमुकलें युद्ध किती तरी बरें. पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. त्यांत वेल्सच्या शिशाच्या शिपायांचा अपराध नव्हता. उलट अमेरिकेच्या सैन्यानें २००२ सालीं स्वतःच एक युद्धाचा खेळ तयार करून फुकट वाटला, तो तरुणांनीं सैन्यांत भरती व्हावें म्हणून. तो वीस वर्षें चालून २०२२ सालीं बंद झाला. तेथें पडद्यावरची बंदूक खोटी होती, पण भरतीचा कागद खरा होता. अबनेर आणि यवाब यांची आठवण आम्हांस तेथें अधिक होते.

मग पांझरेच्या कांठच्या त्या ओट्यावर खरें काय होतें?

पहिल्या संध्याकाळीं आम्हांस कांहीं दिसलें नाहीं. दुसऱ्या संध्याकाळीं दिसलें. मुलानें कोणा अनोळखी खेळाडूस पाडिलें, आणि पडलेला तो त्यास ऐकूं येईल अशा रीतीनें कांहीं बोलला असावा. कारण आमच्या मुलानें त्याला आईवरून एक घाणेरडी शिवी हासडली. लागलीच त्याला आम्ही शेजारीं बसल्याचें स्मरण झालें आणि त्याचे कान लाल झाले. वाचकहो, त्या संध्याकाळीं त्यानें निदान सात जणांस गोळ्या घातल्या होत्या व एकदांहि तो आमच्यापुढें ओशाळला नव्हता. शिवी दिली तेव्हां ओशाळला. त्याच्या मनाला जो भेद कळत होता तो आम्हां वडीलधाऱ्यांस बैठक भरवूनहि कळला नव्हता. गोळी कोणास लागली नाहीं, पण शिवी खऱ्या मनुष्याच्या कानांत गेली. तो कोणी मुलगाच असेल. बिहारांतला असेल, केरळांतला असेल, कदाचित् शेजारच्या साक्री तालुक्यांतला असेल. प्रभूनें डोंगरावरील उपदेशांत सहाव्या आज्ञेचा अर्थ सांगतांना हत्यारांविषयीं कांहीं सांगितलें नाहीं. भावावरचा राग व भावाला दिलेला अपशब्द यांविषयीं सांगितलें आहे. तेव्हां वडील म्हणतात त्याप्रमाणें सहावी आज्ञा त्या ओट्यावर मोडली गेली हें खरेंच. फक्त ते दाखवीत होते तेथें ती मोडली नव्हती.

आपल्या सरकारनें व कंपन्यांनीं या बाबतींत काय केलें तेंहि पाहूं. मार्च २०१९ मध्यें गुजराथेंतील राजकोट येथें पोलिसांनीं हा खेळ खेळण्यास मनाई केली व कांहीं तरुणांस अटकहि झाली. तारीख २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ अॅपांवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. ही बंदी मुलांच्या मनाची काळजी वाटून घातलेली नव्हती. त्याच वर्षीं १५ जूनच्या रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत चिनी सैन्याशीं झटापट होऊन आपले वीस जवान पडले होते. भारतांत मोबाइलवरचा हा खेळ एका चिनी कंपनीच्या हातीं होता, आणि देशाच्या सुरक्षेचें कारण देऊन तो बंद झाला. खऱ्या रणांगणामुळें खोटें रणांगण मिटलें. पुढें २ जुलै २०२१ रोजीं क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीनें तोच खेळ भारतासाठीं म्हणून नवें नांव देऊन आणिला. जुलै २०२२ मध्यें तोहि दुकानांतून काढविला गेला, आणि मे २०२३ मध्यें पुन्हां आला.

भारतासाठीं म्हणून त्यांत जे बदल केले ते मोठे मौजेचे आहेत. रक्ताचा रंग तांबड्याचा हिरवा केला. मारिलें या अर्थाचा शब्द काढून संपविलें या अर्थाचा शब्द घातला. अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेविली, व दिवसाच्या खर्चास ७००० रुपयांची. मुलानें हिरवें रक्त आम्हांस दाखविलें. कच्च्या कैरीच्या पन्ह्यासारखें दिसतें. त्यानें मनाचें काय रक्षण होतें तें आम्हांस कळलें नाहीं. जें मुळांतच खोटें होतें त्याचा रंग बदलला. जें खरें होतें, म्हणजे शिवी, वेळ आणि पैसा, त्यांपैकीं पहिल्यास कोणी आळा घातलेला आम्हांस त्या ओट्यावर तरी दिसला नाहीं, आणि उरलेल्या दोहोंस घातलेली मर्यादा मुलगा बापाच्या नांवानें खेळून सहज ओलांडीत होता. सात हजार रुपये हे खेडेगांवांतील शेतमजुराच्या घरीं एका दिवसाची मर्यादा कशी होऊं शकतात, हें ज्यानें ती ठरविली त्यालाच ठाऊक. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला आहे. हा खेळ त्या जातीचा नसल्यामुळें त्या मनाईंत तो येत नाहीं.

वस्तु बदलून रीत तशीच ठेवण्याचा प्रयत्न जुन्या खेळांतहि झाला आहे. मध्यप्रदेशांत, मराठी बोलणाऱ्या पांढुर्णा गांवीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं गोटमार होते. जाम नदीच्या पात्रांत पळसाचें झाड रोवून त्यावर निशाण लावितात, आणि एका कांठचे पांढुर्ण्याचे व दुसऱ्या कांठचे सावरगांवचे लोक तें मिळविण्यासाठीं एकमेकांवर दगड फेकितात. दरवर्षीं शेंकडों लोक जखमी होतात. माणसें मेलींहि आहेत. अधिकाऱ्यांनीं एकदां दगडांच्या जागीं रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनीं ते बाजूस टाकून दगड उचलले. तेथें रक्त तांबडें आहे आणि मढेंहि दाखवितां येतें. आमच्या वडिलांच्या कसोटीनें पाहिलें तर गोटमार मोबाइलच्या खेळाहून शतपट वाईट ठरेल, व तें खरेंच आहे. पण तिच्याविषयीं इतकें म्हटलेंच पाहिजे कीं, ती सूर्यास्ताला संपते.

संपणें ही गोष्ट आपण समजतों तितकी लहान नाहीं. यात्रेंतील कुस्तीचा फड ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको. एक चीतपट होतो, दुसरा त्याला हात देऊन उठवितो, दोघेहि माती कपाळाला लावितात, आणि रात्रीं एकाच दुकानावर शेव-जिलेबी खातात. पटावर शह देऊन मात झाली कीं दोघेहि खेळाडू मिळून सोंगट्या डबींत भरितात. राजा व प्यादें एकाच डबींत जातात. मोबाइलच्या खेळांतहि डाव अर्ध्या तासानें संपतो. परंतु संपला कीं पडद्यावर लागलीच दुसरा डाव मांडिलेला असतो; नवा अंगरखा, बंदुकीचा नवा रंग, महिन्याची नवी पावती, आणि आज खेळलें नाहीं तर अमुक बक्षीस हुकेल अशी सूचना. तो अंगरखा घातल्यानें लढण्याचें बळ वाढत नाहीं, केवळ दिसावयाचा. खेळ फुकट दिला आहे, आणि दुकान त्याच्या आंत आहे. ज्याचा धंदा खेळ न संपण्यावर चालतो त्यानें खेळ संपवावा अशी अपेक्षा करणें व्यर्थ. मुलानें दोनदां बापाच्या खात्यांतून पैसे दिले होते; एकदां विचारून आणि एकदां न विचारतां. दुसऱ्याची गोष्ट त्यानें आम्हांस आपण होऊन सांगितली.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ च्या आरंभापासून लागू झालेल्या रोगांच्या यादींत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आहे. त्याचीं लक्षणें वाचून आम्हांस नवल वाटलें. खेळ लढाईचा आहे कीं शेतीचा, रक्त किती, बंदुका किती, यांविषयीं त्यांत अक्षर नाहीं. खेळ आवरतां येतो कीं नाहीं, बाकीचीं कामें व माणसें त्याच्या मागें पडलीं आहेत काय, नुकसान दिसत असूनहि तो चालूच आहे काय, आणि साधारण वर्षभर हें असें आहे काय, इतकेंच विचारिलें आहे. वैद्यांनींहि रक्ताचा रंग पाहिला नाहीं.

दुसऱ्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. दिवे लागणीला मुलाच्या आईनें आंतून हांक मारिली. ती दिवसभर कापूस वेंचून आली होती आणि हंडा उचलून द्यावयास तिला कोणी तरी हवें होतें. मुलगा म्हणाला, "थांब ना माय." तिनें पुन्हां हांक मारिली. तो उठला नाहीं. तिसऱ्यानें तिनें हांक मारिली नाहीं. हंड्याचा आवाज आला. आमच्या मनांत राग आला व आम्हीं त्याला विचारिलें कीं, आई मोठी कीं हा खेळ? तो डोळे न उचलतां म्हणाला, "मी उठलों तर तिघे मरतील." त्याच्या तुकडींतील तिघे त्याच्या भरंवशावर एका पडक्या घरांत लपले होते व दार राखण्याचें काम त्याचें होतें.

यावर आम्हांस लागलीच बोलतां आलें नाहीं. सोबत्यांस संकटांत सोडूं नये हा गुणच आहे. तो आम्ही शिकवितों. मुलगा आळसानें बसला नव्हता, दिलेला शब्द पाळीत होता. फक्त ज्या तिघांस तो वांचवीत होता ते मेले असते तरी पुढच्या क्षणीं उठून बसले असते, आणि जी हंडा उचलीत होती तिची कंबर खरी दुखत होती. हें आम्हीं त्याला सांगितलें. तो म्हणाला, "पण त्यांना वाईट वाटलें असतें, तें तर खरें ना?" हेंहि खरें होतें. मग आम्हीं तिघे कोण म्हणून विचारिलें. एक गांवांतला, एक शिरपूरचा, आणि तिसरा याच गांवचा, पण दोन वर्षांमागें आईबापांबरोबर सुरतेस गेलेला. बाप तेथें कापडाच्या कारखान्यांत आहे. शाळा सुटली, मंडळी सुटली. तो मुलगा गांवांतील कोणाशीं अजून रोज बोलत असेल तर तो याच्याशीं, आणि याच खेळांत. खानदेशांतून सुरतेस गेलेलीं कुटुंबें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या ओळखीचीं आहेत. त्यांच्या मुलांस आपण किती पत्रें लिहिलीं?

आतां थोडें वडीलधाऱ्यांविषयीं, कारण लढाईच्या करमणुकीचा शौक एकट्या मुलांस आहे असें मानणें हा अन्याय होईल. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं 'छावा' हा संभाजी महाराजांवरील चित्रपट प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीं बऱ्हाणपुरावरील १६८१ सालच्या स्वारीचा देखावा आहे. बऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाची राजधानी. आपल्या रावेराहून तें फार दूर नाहीं. त्यानंतर मार्च महिन्यांत बऱ्हाणपुराजवळच्या अशीरगडाखालच्या शेतांत रात्रीच्या रात्रीं शेंकडों माणसें विजेऱ्या व फावडीं घेऊन मोगलांचें सोनें शोधीत जमीन खणतांना दिसलीं. तीं मुलें नव्हतीं. मिशा असलेलीं माणसें होतीं. हें हंसण्यासारखें आहे. परंतु त्याच महिन्याच्या १७ तारखेस नागपुरांत औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल झाली, एका मनुष्याचा प्राण गेला, आणि दुसऱ्या दिवशीं मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत सांगितलें कीं, या चित्रपटानें लोकांच्या मनांतील औरंगजेबाविषयींचा राग पुन्हां जागा केला. चित्रपटानें दंगल केली असें आम्ही म्हणत नाहीं. लाखों लोकांनीं तो पाहिला व डोळे पुशीत ते घरीं गेले. पडद्यावरचें रक्त रंगच होता. पाहून उठल्यावर शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें, तें मात्र ज्याचें त्याचें आणि खरें होतें.

आगस्तीनानें आपल्या मित्राची, आलिपियुसाची, एक गोष्ट लिहून ठेविली आहे. रोम शहरांत मनुष्यांच्या द्वंद्वाचे खेळ चालत. आलिपियुसास त्यांची किळस होती. सोबत्यांनीं त्याला ओढून नेलें तेव्हां तो डोळे मिटून बसला. मध्येंच लोकांनीं मोठी आरोळी ठोकली; त्यानें डोळे उघडले; आणि त्यानंतर तो स्वतः इतरांस ओढून नेऊं लागला. तेथलें रक्त खरें होतें, म्हणून ती गोष्ट आमच्या मुलास लागू पडत नाहीं. घरोघरच्या दूरदर्शनवर दूरदेशींचीं युद्धें जेवतां जेवतां पाहणाऱ्या आम्हां मोठ्यांस ती अधिक लागू पडते. त्या पडद्यावर रक्त हिरवें केलेलें नसतें, आणि पडलेला उठत नाहीं.

गांवाहून परततांना आम्ही नंदुरबारवरून आलों. हें शहर पूर्वीं पश्चिम खानदेशांत होतें. १९९८ पासून तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण आहे. तेथें ९ सप्टेंबर १९४२ रोजीं 'भारत छोडो'च्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. त्यांत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमारास सोळावें वर्ष चालू होतें. हातांत झेंडा होता. जेथें तो पडला तेथें स्मारक आहे. आम्ही तेथें कांहीं वेळ उभे राहिलों. आमच्या ओट्यावरच्या मुलाचेंहि वय तेंच. सोबत्यांस सोडावयाचें नाहीं हेंहि तेंच. पुढच्या खेपेस त्याला येथें घेऊन यावें असें वाटलें. उपदेश करण्यासाठीं नव्हे, त्याला काय वाटतें तें विचारावयासाठीं.

उपदेशकांस आम्हीं जें लिहिलें तें थोडक्यांत असें. खेळासाठीं मुलांस प्रभुभोजनापासून दूर ठेवूं नये. शिवीबद्दल थोरल्याशीं एकांतांत बोलावें. त्याचें मन जागें आहे, म्हणून फार बोलावें लागणार नाहीं. न विचारतां खर्चलेल्या पैशांची गोष्ट त्यानें स्वतः बापाला सांगावी, व ती सांगतांना उपदेशकांनीं सोबत असावें. आईच्या हांकेविषयीं आम्हीं कांहीं सुचविण्याआधींच मुलानें तोड काढिली होती: डाव अर्ध्या तासाचा असतो हें ठाऊकच आहे, तेव्हां चूल पेटण्याच्या वेळेस नवा डाव मांडावयाचा नाहीं आणि तिघांसहि तसें सांगून ठेवावयाचें. ही तोड किती दिवस टिकेल तें पाहावें लागेल. दुकान आंत आहे, व तें रात्रभर उघडें असतें.

वडिलांस आमचें उत्तर पटलें नाहीं. त्यांनीं असा निरोप पाठविला कीं, बंदुकीशीं खेळणाऱ्या हाताला बंदूक जड वाटेनाशी होते, आणि ही गोष्ट पत्रवाल्यांनीं विचारांत घेतलेली दिसत नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. तें येथें नमूद करितों. त्याच निरोपांत त्यांनीं सुरतेच्या मुलाचें नांव व त्याच्या बापाचा पत्ता विचारिला होता. तो मुलगा नाताळांत गांवीं येणार असल्याचें उपदेशक कळवितात. गल्याथाचें काम त्याला द्यावें असें वडिलांनीं सुचविलें आहे, कारण तोहि उंच आहे म्हणतात.